वेब डेव्हलपमेंटमधली पहिली पायरीच काढून घेतली जातेय का?

निळी_शाई

बरीच वर्षं फ्रंटएंडमध्ये (साइटचा ब्राउझरमध्ये दिसणारा भाग) आहे, सध्या एका टीमची लीड आहे. यंदा फ्रेशर घ्यायचे का, यावर आमच्याकडे मीटिंग झाली आणि ती फार लवकर आटोपली. "फ्रेशरला जे काम देतो ते आता एआय एजंट करतो, मग घेऊन काय करायचं?" एवढ्या एका वाक्यावर विषय मिटला. मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

फ्रेशरला आपण काय द्यायचो ते आठवा. फिगमा या डिझाइनच्या अॅपमधलं चित्र बघून कार्ड बनव, फॉर्मला व्हॅलिडेशन लाव, मोबाइलवर मेनू तुटतोय तो नीट कर, सर्व्हरकडून एपीआयने आलेला डेटा टेबलमध्ये दाखव, चार युनिट टेस्ट लिही. ही कामं आज कोपायलट, कर्सर, क्लॉड कोड ही एआय साधनं मिनिटांत करतात आणि बहुतेक वेळा बरी करतात. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हीच कामं करता करता आपण सगळे शिकलो. सगळ्यांच्या वर दिसावा म्हणून झेड-इंडेक्स ९९९९ दिला तरी मेनू बॅनरच्या मागेच राहतो, कारण वरच्या कुठल्यातरी डिव्हला (पानावरच्या साध्या चौकटीला) ट्रान्सफॉर्म लावलाय आणि तिथे वेगळा स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट, म्हणजे थरांचा स्वतंत्र गट, तयार झालाय, हे मला अख्खी दुपार घालवल्यावर कळलं आणि मग कधीच विसरले नाही. तीच दुपार आता एजंट वाचवतो. ज्याला आधीच येतं त्याचा वेळ वाचतो हे खरं, पण ज्याला अजून शिकायचंय त्याची शिकण्याची जागाच जाते.

तर प्रश्न दोन. पुढे सीनियर येणार कुठून? आणि आत्ता जी मुलं शिकतायत त्यांना काय सांगायचं? स्वतःच्या टीममध्ये काय चाललंय ते लिहा. भविष्यवाण्या यूट्यूबवर भरपूर आहेत.

रात्रपाळी

रुमाल टाकून ठेवतो. डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) चालू आहे, झालं की सविस्तर लिहितो.

मागचा_बाक

ही ओरड मी खूपदा ऐकली आहे. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने फ्रंटपेज विकत घेतलं, १९९७ ला मॅक्रोमीडियाचं ड्रीमवीव्हर आलं, तेव्हाही म्हणायचे की आता एचटीएमएल हाताने लिहिणारे संपले. २००३ ला वर्डप्रेस आलं तेव्हा ब्लॉग आणि छोट्या साइट बनवणारे घाबरले. २०११ ला बूटस्ट्रॅप हा तयार डिझाइनचा संच आल्यावर सीएसएसवाले, म्हणजे पानाची सजावट लिहिणारे. दरवेळी झालं असं, की साइट बनवणं सोपं झालं, त्यामुळे ज्यांना साइट नको होती त्यांनाही हवीशी वाटली, आणि काम वाढलं. २०१३ मध्ये रिअॅक्ट ही जावास्क्रिप्ट लायब्ररी आल्यावर तर ब्राउझरमध्ये अख्खी अॅप्लिकेशन चालायला लागली आणि 'फ्रंटएंड इंजिनियर' हे पद जागोजागी निघालं. फ्लॅश या जुन्या अॅनिमेशनच्या तंत्रावर काम करणारे मात्र खरोखर अडचणीत आले, अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा सपोर्ट बंद केला. पण त्यातल्या ज्यांना अॅनिमेशन कळत होतं ते कॅनव्हास आणि सीएसएसकडे गेले.

काम बदलेल, माणसं लागतीलच.

अर्धविराम

@मागचा_बाक, इतिहास बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही.

फ्रंटपेज पान बनवून द्यायचं आणि थांबायचं. त्याने ओकलेली नेस्टेड टेबलं उघडून साफ करायला माणूस लागायचाच. बूटस्ट्रॅपला तुमचा प्रोजेक्ट काय आहे हे माहीत नव्हतं. आजचा एजंट रेपो (प्रोजेक्टचा सगळा कोड) वाचतो, संबंधित फाइल शोधतो, बदल करतो, टेस्ट चालवतो, फेल झाली तर पुन्हा बदलतो आणि पीआर (बदल तपासून सामावून घेण्याची विनंती) उघडून देतो. जून २०२१ मध्ये कोपायलटचा प्रीव्ह्यू आला तेव्हा तो पुढची ओळ सुचवत होता. तिथून इथवर यायला फार वर्षं लागलेली नाहीत.

आणि निळी_शाई म्हणतायत ते आकड्यांत दिसतंय. ऑगस्ट २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी (ब्रिन्योल्फसन, चंदर, चेन) अमेरिकेतल्या एडीपी या पगार-व्यवस्थापन कंपनीच्या नोंदी वापरून अभ्यास मांडला. २२ ते २५ वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपर्सची संख्या २०२२ च्या अखेरच्या शिखरापासून जुलै २०२५ पर्यंत जवळपास २० टक्क्यांनी घटली. त्याच क्षेत्रातल्या वयाने मोठ्या लोकांची संख्या टिकली किंवा वाढली. फटका नेमका खालच्या वयोगटाला बसलाय.

टोकन_रिंग

याचं सगळं खापर एआयवर फोडणं चूक आहे. २०२०-२१ मध्ये कंपन्यांनी वारेमाप भरती केली होती. २०२२ पासून व्याजदर चढले, फुकटचा पैसा आटला. अमेरिकेत त्याच वर्षापासून सेक्शन १७४ चा बदल लागू झाला, म्हणजे डेव्हलपरच्या पगाराचा खर्च एका वर्षात वजा न करता पाच वर्षांत विभागून दाखवावा लागायचा (२०२५ मध्ये हा नियम बदलला). नोकरकपात करताना 'एआयमुळे' म्हटलं की शेअरहोल्डर खूश होतात, 'आम्ही जास्त माणसं घेतली होती' म्हटलं की होत नाहीत.

अर्धविराम

खापर सगळं नाही, पण त्या अभ्यासात कंपनीपातळीवरचे धक्के वेगळे काढून पाहिलंय. एकाच कंपनीत व्याजदराचा परिणाम सगळ्या वयांवर सारखा व्हायला हवा. टेक कंपन्या वगळूनही कल तोच राहिला. एकच अभ्यास आहे, मान्य. पण माझ्या आजूबाजूलाही हेच दिसतंय.

टोकन_रिंग

वयाने मोठ्यांना काढणं महाग पडतं, नवीन न घेणं फुकट असतं. मंदीत पहिला दरवाजा फ्रेशरसाठीच बंद होतो, एआय असो वा नसो. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाचा २०२४ ते २०३४ चा अंदाज बघा: वेब डेव्हलपर आणि डिजिटल डिझायनर ७ टक्के वाढ.

अर्धविराम

त्याच तक्त्यात 'कॉम्प्युटर प्रोग्रॅमर' या गटाला ६ टक्के घट दिली आहे. दुसऱ्याने ठरवून दिलेलं नुसतं कोडमध्ये उतरवणारा तो गट. म्हणजे फ्रेशरचंच काम.

खिडकीपाशी

मी फ्रीलान्सर. माझ्याकडचं लिहितो.

पाच पानांची साइट, संपर्काचा फॉर्म, गॅलरी, हे काम माझ्यापुरतं संपल्यात जमा आहे. माझी सुरुवात याच कामावर झाली, म्हणून वाईट वाटतं. क्लायंट आता येतो तो स्वतः बनवलेलं काहीतरी घेऊनच. "सगळं तयार आहे हो, फक्त थोडं अडकलंय."

नुकतंच आलेलं एक सांगतो. अपॉइंटमेंट बुक करायचं अॅप, दिसायला देखणं, मालकाने चॅटमध्ये वर्णन करून बनवून घेतलेलं. तक्रार एवढीच होती की ईमेल जात नाहीत. मी लॉगिन करून माझं बुकिंग उघडलं. अॅड्रेस बारमध्ये शेवटी बुकिंगचा नंबर होता. तो एक अंकाने बदलला तर दुसऱ्याच माणसाचं नाव, फोन आणि कशासाठी येणार त्याचं कारण समोर. सर्व्हर फक्त 'लॉगिन आहे का' विचारत होता. 'हे बुकिंग याचंच आहे का' हे कुठेच विचारलेलं नव्हतं. पुढे पाहिलं तर डेटाबेसमध्ये रो लेव्हल सिक्युरिटी (कुणाला कुठली नोंद दिसावी याचं बंधन) बंद आणि ब्राउझरमधल्या सार्वजनिक कीने अख्खं टेबल वाचता येत होतं. ईमेलचं काम बाजूला ठेवून मी त्यांना आधी साइट बंद करायला लावली.

ओवॅस्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेच्या २०२१ च्या दोषांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर हाच दोष आहे, ब्रोकन अॅक्सेस कंट्रोल. एआयने तो जन्माला घातलेला नाही. पण पूर्वी असं अॅप बनवायला निदान एक माणूस लागायचा, ज्याला कधीतरी कुणीतरी यावरून झापलेलं असायचं.

मला पैसे आता अशा दुरुस्तीतून मिळतात, आणि आधीपेक्षा कमी मिळत नाहीत. पण हे काम मी नवख्या मुलाला देऊ शकत नाही. पूर्वी पाच पानांची साइट देऊ शकायचो.

पुढचे_पाऊल

वरच्या प्रतिसादातला शेवटचा परिच्छेद म्हणजे या धाग्याचा गाभा आहे. अनुमोदन.

रात्रपाळी

डिप्लॉय झालं, आलो.

लिहायचा वेळ कमी झाला आणि वाचायचा वाढला, हे आमच्या टीमचं थोडक्यात. दिवसाला येणारे पीआर वाढले, एकेक पीआर मोठा झाला, आणि रिव्ह्यू करणारे तेवढेच राहिलो. वर कोड इतका नीटनेटका दिसतो की डोळा घसरून पुढे जातो. पूर्वी कच्चा माणूस कच्चा कोड लिहायचा, वास लगेच यायचा.

उदाहरण देतो. वर्गणीची मुदत दाखवायचं छोटं काम होतं. एजंटने सर्व्हरकडून आलेली '२०२५-०३-०१' अशी स्ट्रिंग थेट न्यू डेटला (जावास्क्रिप्टमध्ये तारीख बनवायची सोय) दिली आणि स्थानिक पद्धतीने छापली. जावास्क्रिप्ट नुसती तारीख असेल तर ती यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र धरते, सोबत वेळ असेल आणि झोन नसेल तर स्थानिक वेळ धरते. त्यामुळे यूटीसीच्या मागे असलेल्या प्रदेशातल्या लोकांना आदला दिवस दिसला, म्हणजे २८ फेब्रुवारी. आम्ही यूटीसीच्या पुढे बसतो, आम्हाला बरोबर दिसत होतं. सीआयचा, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणारा, सर्व्हर यूटीसीवरच, त्यामुळे टेस्टही हिरव्या. टेस्ट लिहिणाराही तोच एजंट. लोकांनी "माझी मुदत एक दिवस आधी का संपली" म्हणून लिहायला सुरुवात केली तेव्हा कळलं. शोधलं कुणी? ज्याने आधी टाइमझोनचा मार खाल्लाय त्याने. टिकिट वाचताक्षणी म्हणाला, "कोणत्या देशातून तक्रारी आहेत ते आधी बघा."

आता तो जे एका वाक्यात म्हणाला ते फ्रेशरला कसं यावं? मार खाल्ल्याशिवाय येत नाही.

वेगाबद्दल: एमईटीआर या संस्थेचा जुलै २०२५ चा प्रयोग बघण्यासारखा आहे. १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर, त्यांच्याच ओळखीच्या रेपोमधली २४६ कामं. एआय वापरायची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपण २० टक्के वेगाने केलं.

मागचा_बाक

अवांतर: डेटचा हा गोंधळ १९९५ पासूनचा आहे. ब्रेंडन आइकने जावास्क्रिप्टचा पहिला अवतार दहा दिवसांत उभा केला, आणि डेट हे त्या वेळच्या जावातल्या डेटवरून जवळजवळ जसंच्या तसं घेतलं. म्हणून महिने अजून शून्यापासून मोजतो आपण. आता डेटच्या जागी टेम्पोरल ही नवी सोय येतेय, फायरफॉक्सने २०२५ मध्ये दिलंसुद्धा. त्यात नुसत्या तारखेसाठी वेगळा प्रकार आहे, हा बग तिथे होणारच नाही.

रात्रपाळी

टेम्पोरलची मीही वाट बघतोय. पण एजंट अजून सवयीने जुनं डेटच लिहितात, कारण त्यांनी वाचलेला बहुतेक कोड त्यातलाच.

गिअर_बदल

एमईटीआरचा दाखला सगळेच देतात. ती साधनं २०२५ च्या सुरुवातीची होती, आणि ती माणसं स्वतःच्या वर्षानुवर्षांच्या कोडवर काम करत होती. तिथे माणूस वेगवान असणारच. अनोळखी रेपोवर मला एजंटचा प्रचंड फायदा होतो. मी मूळचा बॅकएंडवाला, फ्रंटएंडला हात लावत नव्हतो, आता अख्खं फीचर एकटा नेतो. दोन माणसांचं काम एकाने होतंय हे माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्याचा अर्थ एक जागा कमी, हेही मान्य करायला हवं.

मात्र पॅकेज (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) इन्स्टॉल करताना डोळे उघडे ठेवा. २०२५ मधल्या एका अभ्यासात १६ मॉडेलांकडून ५ लाख ७६ हजार कोडचे नमुने लिहून घेतले, तर त्यांत सुचवलेल्या पॅकेजपैकी १९.७ टक्के अस्तित्वातच नव्हती. तीच कल्पित नावं पुन्हा पुन्हा येतात, म्हणून कुणीही त्या नावाने घातक पॅकेज टाकून वाट बघत बसू शकतो.

सहावा_टॅब

मी अॅक्सेसिबिलिटीचं (साइट अपंग व्यक्तींनाही वापरता यावी याचं) काम करते, त्यामुळे माझी बाजू थोडी वेगळी.

मध्यंतरी एक चेकआउटचं पान तपासायला आलं. सुंदर, गुळगुळीत, एआयने केलेलं. मी माउस बाजूला ठेवला आणि टॅब दाबत गेले. नाव, पत्ता, फोन, आणि त्यापुढे फोकस थेट फुटरमधल्या लिंकवर. 'पुढे जा' हे बटण डिव्ह होतं, त्याला ऑनक्लिक लावलेलं, रंग आणि सावली बटणासारखी. कीबोर्डने तिथे जाताच येत नव्हतं. स्क्रीन रीडरसाठी (पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ते बटण नव्हतंच, नुसता मजकूर. चुकीचा पिनकोड टाकला की लाल अक्षरांत सूचना यायची, पण ती फील्डला जोडलेली नव्हती, त्यामुळे न दिसणाऱ्या माणसाला आपण का अडकलोय हेच कळणार नाही. फॉर्म भरून झालाय, विकत घ्यायचंय, आणि दार बंद.

यात एआयला दोष देऊन भागत नाही. वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख होमपेज तपासते. २०२५ मध्ये त्यांतल्या ९४.८ टक्के पानांवर यंत्राला सहज सापडतील असे दोष होते. मॉडेल शिकलं ते याच वेबवर. आपण जे वर्षानुवर्षं लिहीत आलो तेच ते आता जास्त वेगाने लिहून देतंय.

दुसरीकडे, युरोपात २८ जून २०२५ पासून अॅक्सेसिबिलिटी अॅक्ट लागू झाला आहे, ऑनलाइन विक्री त्यात येते. त्यामुळे माझ्याकडचं काम वाढलंय.

गिअर_बदल

@सहावा_टॅब, पण एजंटला "अॅक्सेसिबल कर" सांगितलं तर तो बटण टॅग वापरतो की. मी करून पाहिलंय.

सहावा_टॅब

सांगितलं तर करतो, खरं आहे. सांगायला आधी माहीत हवं. आणि सांगितल्यावर बऱ्याचदा अति करतो, जिथे तिथे एरिया-लेबल (स्क्रीन रीडरसाठीचं नाव) चिकटवतो. बटणावर 'जतन करा' लिहिलेलं असताना लेबल वेगळंच दिलं की स्क्रीन रीडर ते वेगळंच वाचतो. एनव्हीडीए किंवा व्हॉइसओव्हर यांसारखा स्क्रीन रीडर लावून, डोळे मिटून, तो फॉर्म शेवटपर्यंत भरून बघणं याला दुसरा पर्याय मला अजून दिसलेला नाही. आणि हे काम फ्रेशर पहिल्या आठवड्यापासून करू शकतो, निळी_शाई, हे मुद्दाम सांगतेय.

निळी_शाई

हे फार उपयोगी आहे, लिहून घेतलं.

शिकाऊ_उमेदवार

नमस्कार, मी शेवटच्या वर्षाला आहे. हा धागा वाचून धडधड वाढली. खरं सांगतो, आमच्या वर्गात सगळे एआयनेच प्रोजेक्ट करतात. माझ्या पोर्टफोलिओत एक ई-कॉमर्स साइट आणि एक चॅट अॅप आहे. चालतात दोन्ही. पण एका मुलाखतीत विचारलं की रिअॅक्टमधला हा यूजइफेक्ट दोनदा का चालतोय, तर सांगता आलं नाही. मी आता काय करू? वेब सोडून दुसरीकडे जाऊ का?

मागचा_बाक

सोडू नकोस. (ते दोनदा चालणं डेव्हलपमेंटमध्ये स्ट्रिक्ट मोडमुळे असतं. रिअॅक्ट १८ पासून कॉम्पोनंट मुद्दाम एकदा काढून परत लावतात, क्लीनअप विसरलेला असेल तर तिथेच कळावा म्हणून.)

माझं मत विचारशील तर दोन-तीन महिने एआय पूर्ण बंद कर. फ्रेमवर्कशिवाय एक छोटा सर्व्हर लिही. कुकी स्वतः सेट कर, सेशन स्वतः सांभाळ. डेव्हटूल्समधला नेटवर्क टॅब उघडा ठेवून प्रत्येक रिक्वेस्ट वाच: कुठला हेडर कशासाठी, ३०४ ('काही बदललं नाही') का आला, प्रीफ्लाइट (आधी परवानगी विचारणारी रिक्वेस्ट) का गेला. कॉर्सचा (दुसऱ्या साइटवरून डेटा घेण्याच्या नियमाचा) एरर आला की कॉपी-पेस्ट न करता तो कोण अडवतोय ते शोध, ब्राउझर की सर्व्हर.

गिअर_बदल

एआय पूर्ण बंद करणं मला पटत नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या डेव्हलपरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या २०२५ च्या सर्व्हेत ८४ टक्के लोक ही साधनं वापरतात किंवा वापरणार आहेत म्हणाले. नोकरीत पहिल्या दिवशी हातात तीच साधनं येणार. वापर, पण उलट्या क्रमाने. आधी स्वतः लिही, मग त्याला चुका काढायला सांग. त्याने लिहिलेलं असेल तर त्यातली एक ओळ काढून टाक आणि काय तुटेल याचा अंदाज आधी कागदावर लिही, मग चालवून बघ.

मागचा_बाक

त्याच सर्व्हेत ४६ टक्के लोक म्हणाले की त्यांचा या उत्तरांच्या अचूकतेवर विश्वास नाही, आणि विश्वास आहे म्हणणारे ३३ टक्केच. अविश्वास दाखवायला स्वतःचं ज्ञान लागतं. ते मिळवायचे महिने मुलांना मिळू देत.

उलट क्रमाची कल्पना मात्र चांगली आहे, मान्य.

खिडकीपाशी

@शिकाऊ_उमेदवार, तुझ्याच ई-कॉमर्स साइटवर आज एक कर. दोन खाती बनव. पहिल्याने ऑर्डर दे, तिचा पत्ता कॉपी कर, दुसऱ्या खात्यातून उघडून बघ. मग कार्टमधली किंमत ब्राउझरमधून बदलून रिक्वेस्ट पाठव, सर्व्हर मान्य करतोय का बघ. जे सापडेल ते इथे लिही.

पुढचे_पाऊल

थोडं अवांतर, पण जवळचंच. एआय ज्यातून शिकतं त्या ज्ञानाच्या विहिरीत नवी भर घालणार कोण? स्टॅक ओव्हरफ्लो २००८ ला सुरू झालं, आपण सगळे त्यावर वाढलो. चॅटजीपीटी आल्यापासून तिथे प्रश्न विचारणंच ओसरलं. जानेवारी २०२६ मध्ये टेलविंड या सीएसएसच्या साधनाच्या कर्त्याने सांगितलं की इंजिनियरिंग टीममधल्या ७५ टक्के लोकांना काढावं लागलं. टेलविंडचा वापर कधी नव्हे इतका वाढलाय, कारण एजंट सर्रास तेच लिहितात. पण माणसं डॉक्युमेंटेशनच्या पानावर येत नाहीत, आणि त्यांची विकत घ्यायची उत्पादनं लोकांना तिथूनच कळायची. वापर वाढून उत्पन्न घटलं. ओपन सोर्सवर पोट असलेल्यांसाठी हे फार गंभीर आहे.

अर्धविराम

गंभीर आहेच, आणि यावर वेगळा धागा हवा.

आकडेमोड

मी निर्णय घेणाऱ्यांच्या बाजूने लिहितो, कारण इथे ती बाजू कुणी मांडली नाही.

मी गेल्या खेपेला फ्रेशर घेतले नाहीत. माझं बजेट तिमाहीचं असतं. फ्रेशर पहिले काही महिने सीनियरचा वेळ खातो, मग कामाचा होतो, मग दुसरी कंपनी त्याला पळवते. पूर्वी ते परवडायचं, कारण तो शिकत असताना लहान कामं उरकायचा, म्हणजे शिकण्याचा खर्च कामातून निघायचा. आता ती लहान कामं एजंट उरकतो. त्यामुळे फ्रेशरचा खर्च निव्वळ खर्च दिसतो, आणि तो माझ्या नावावर दिसतो. पाच वर्षांनी सीनियर मिळाला नाही तर ते मात्र कुणाच्याच नावावर लागणार नाही. मी वाईट माणूस आहे म्हणून हे होत नाहीये.

निळी_शाई

@आकडेमोड, मनापासून धन्यवाद, हे इतकं स्पष्ट कुणी लिहिलं नव्हतं. आमच्या मीटिंगमध्ये नेमकं हेच होतं, फक्त बोललं गेलं नाही.

म्हणजे शिकण्याचा खर्च लपून निघत होता, तो आता उघडा पडलाय. मग तो उघडपणेच मागावा लागेल. मी पुढच्या मीटिंगमध्ये हे मांडणार आहे: फ्रेशरला कोड लिहिणारा म्हणून घेऊच नका, तपासणारा म्हणून घ्या. आमच्याकडे आज सगळ्यात तुंबलंय ते रिव्ह्यू आणि टेस्टिंग. रात्रपाळी म्हणतात तसं लिहिणं स्वस्त झालं आणि वाचणं महाग. सहावा_टॅब यांनी सांगितलेली कीबोर्डची तपासणी, खिडकीपाशी यांची दोन खात्यांची तपासणी, टाइमझोन बदलून चालवणं, जुन्या फोनवर आणि मंद नेटवर्कवर पान उघडून आयएनपी (क्लिक केल्यावर पान प्रतिसाद द्यायला घेतं तो वेळ) २०० मिलिसेकंदांच्या आत आहे का ते पाहणं. हे सगळं आज आमच्याकडे कुणीच नीट करत नाही. सापडलेला बग त्यानेच दुरुस्त करायचा, एजंटशिवाय, सीनियर शेजारी बसवून. आणि एजंटने लिहिलेला कोड त्याच्या नावाने मर्ज व्हायचा असेल तर प्रत्येक ओळ तोंडी समजावून सांगता आली पाहिजे.

आकडेमोड

तपासणारा म्हणून मांडलंत तर मी ऐकेन. प्रोडक्शनला गेलेल्या बगचा खर्च माझ्या तक्त्यात दिसतो, तो कमी होतोय हे दाखवा. 'उद्योगाचं भविष्य' म्हणून मागितलंत तर वर कुणी मान्य करणार नाही.

अर्धविराम

निळी_शाई, तुमच्या टीमला यश येवो. पण हे एकेका लीडच्या चिकाटीवर सोडलं तर फार थोड्या मुलांना जागा मिळेल. बाकीच्या कंपन्या तुम्ही तयार केलेली माणसं उचलतील. माझी काळजी कमी झालेली नाही.

शिकाऊ_उमेदवार

@खिडकीपाशी सर, केलं. ऑर्डर दुसऱ्या खात्यातून उघडली. किंमतसुद्धा बदलली गेली, शून्य टाकली तरी ऑर्डर झाली. कोडमध्ये शोधलं तर सर्व्हर ब्राउझरकडून आलेली बेरीजच साठवत होता. आता सर्व्हरवर प्रॉडक्टच्या आयडीवरून किंमत परत काढतोय आणि ऑर्डर उघडताना यूजर आयडी तपासतोय. दोन्हीला टेस्ट लिहिल्या, स्वतः. हे रेझ्युमेमध्ये लिहायचं असतं का? आपल्याच प्रोजेक्टमधली चूक दिसेल ना?

खिडकीपाशी

लिही. काय सापडलं, कसं सापडलं, कुठल्या कमिटमध्ये दुरुस्त केलं, तीन ओळीत. मी मुलाखत घेत असतो तर चालू चॅट अॅप सोडून त्यावरच अर्धा तास बोललो असतो. आणि कूपनही तपास, एकच कूपन दोन टॅबमधून एकाच वेळी लावून बघ.

निळी_शाई

@शिकाऊ_उमेदवार, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. जागेचं वचन देत नाही, पण तुझा रेपो बघायला आवडेल.

रात्रपाळी

निळी_शाई, तुमच्या यादीत एक भर. फ्रेशरला जुने पोस्टमॉर्टेम वाचायला द्या. आमच्याकडे प्रत्येक आउटेजनंतर लिहून ठेवतो: काय दिसलं, आधी काय वाटलं, खरं काय निघालं. शेवट झाकून द्यायचा आणि ग्राहकांची माहिती पुसलेले त्या वेळचे लॉग द्यायचे, "तू कुठे बघितलं असतंस?" असं विचारायचं. तारखेच्या बगचं मी उद्या नावं काढून इथे टाकतो, कुणालाही वापरता येईल.